चाकामागचा दगड

वाहतूक आयोगाच्या न्यायाधीश वत्सलाबाई वकिली शिकण्याआधी एसटीत कंडक्टर होत्या. हे कळलं तसा बसमालक गुलाबराव भर सुनावणीत हसला. "काल तिकिटं फाडणारी आज न्याय देणार होय?"

तक्रार अशी, की त्याची बस खडकुंब्याला थांबत नाही आणि पोरींची शाळा बुडते.

त्याचा ड्रायव्हर छातीठोकपणे म्हणाला, "रोज थांबवतो, बाईसाहेब."

"मग तिथं चाकामागे दगड कोण लावतं?"

"सपाटीला दगड कशाला लागतोय?"

खडकुंबेकर खो खो हसले. थांबा ऐन घाटात, उभ्या चढावर होता.

"गुलाबराव," बाई म्हणाल्या, "तो दगड मी नऊ वर्षं लावलाय. उद्यापासून तुमचा माणूस लावील."

दुसऱ्या दिवशी बस थांबली. पोरी दगड घेऊनच उभ्या होत्या.