माशा आणि मासे

नद्यांना अजून नावं पडायची होती, तेव्हाची ही गोष्ट.

एका नदीत देवाचा डोह होता. मासळी अंड्यावर आली की तिथे गळ, जाळं सगळं बंद, अशी राजाची आज्ञा. आज्ञा मोडणाऱ्याची होडी जाळायची. डोह रिकामा झाला तर पुढच्या वर्षी नदीत मासा दिसायचा नाही, हे पोराटोरांनाही ठाऊक होतं.

त्या डोहावर नवा राखणदार आला. माणूस सरळ, पण उत्साह विचारू नका! कधी एकदा चोर पकडतो असं त्याला झालं होतं.

सकाळी त्याला एक माणूस भेटला. डोक्यावर मोठी टोपली, वर कण्हेरीची फुलं. तो गोड आवाजात म्हणाला, "देवाला फुलं वाहायला आलोय, महाराज." राखणदाराने भक्तिभावाने हात जोडले आणि पुढे निघाला.

डोहाच्या पलीकडच्या काठावर एक कोळी उपड्या होडीवर बसला होता. बंदीमुळे हाताला काम नाही, म्हणून वैतागलेला.

"काय रे, काय चाललंय?" राखणदार ओरडला.

"काय चालणार? माशा मारतोय!"

मध्ये नदीचा खळखळाट. राखणदाराला ऐकू आलं, 'मासे मारतोय'. तो थक्कच झाला. एवढा धीट चोर? तो धावत उथळ पाण्यातून पलीकडे गेला. होडीखाली पाहिलं, तर एक खवलंही नाही. आता मात्र त्याला काही कळेना. पण कबुली ती कबुली! त्याने कोळ्याचं बखोट धरलं आणि गावातली माणसं बोलावून होडीही चावडीवर आणवली.

न्यायाला गावची म्हातारी पाटलीण बसली.

"काय मारत होतास?"

"माशा, आईसाहेब. सकाळपासून."

"बघा, कबूल करतोय!" राखणदार म्हणाला.

"मग कुठे आहेत?"

"उडून गेल्या," कोळी रडकुंडीला येऊन म्हणाला. "माझी होडी का जाळता, एवढं सांगा."

मासे उडतात? राखणदाराचं डोकं गरगरू लागलं.

पाटलीण त्याच्याकडे वळली. "नीट आठव बाबा. हा मासे मारले म्हणाला, की माशा मारल्या?"

चावडीवर खसखस पिकली. राखणदार कानापर्यंत लाल झाला. त्याने होडीची दोरी स्वतःच सोडली आणि कोळ्याची माफी मागितली.

दोघे होडी घेऊन डोहावर परतले. पाण्यावर कण्हेरीची फुलं तरंगत होती. काठाच्या चिखलात जाळं ओढल्याच्या खुणा होत्या, आणि खाली, स्वच्छ पाण्यात, एकही मासा नव्हता.

राखणदाराने पाण्यातलं एक फूल उचललं. "पण तो तर देवाला फुलं..."

कोळ्याने चिखलातल्या खुणांवरून हात फिरवला. मग म्हणाला, "मी माशाच मारत होतो, दादा. पण मी इथे बसलो होतो तोवर त्या फुलवाल्याची टोपली उतरवायची छाती झाली नव्हती. तुम्ही मला उठवून नेलंत."

पुढच्या वर्षी त्या नदीत कुणीच मासे मारले नाहीत. सगळं गाव माशा मारत बसलं.

तात्पर्य : राखण करायची तर कडू बोलणाऱ्याच्या शब्दाआधी गोड बोलणाऱ्याची टोपली तपासावी.