लहानूची स्वतःची दवंडी

तुमच्या गावाने उद्या तुमचे पाणी तोडले आणि म्हटले, एक खोटे वाक्य बोल मग पाणी घे, तर तुम्ही किती दिवस तग धराल? एक दिवस? चार दिवस? उत्तर द्यायची घाई करू नका. आधी लहानूचे काय झाले ते ऐका.

लहानू माळावरच्या एका गावात दवंडी देण्याचे काम करी. गावाला काही सांगायचे असले की तो गळ्यात हलगी अडकवून आधी वेशीत, मग चावडीपुढे, मग खालच्या आळीत उभा राही. दवंडीची त्या गावची एक रीत होती. शब्द कोणाचा ते आधी सांगायचे. लहानू म्हणे, "ऐका हो ऐका. शब्द पाटलांचा, तोंड माझं." कधी शब्द पाटलांचा असे, कधी बैल हरवलेल्या शेतकऱ्याचा, कधी लग्नघरच्या यजमानाचा. ज्याचा असेल त्याचे नाव घेऊन तो निरोप सांगे. त्यात एक अक्षर कमी नाही की जास्त नाही. पंधरा वर्षे त्याने हे काम केले. लहानूच्या तोंडून आले म्हणजे ते तसेच असणार, हे गावातली लहान पोरेही सांगत.

खालच्या आळीत शांतवन मास्तरांची शाळा होती. शाळा म्हणजे एक छप्पर आणि चार पाट्या. मास्तर ख्रिस्ती होते. ते मुलांना अक्षरे शिकवीत आणि रविवारी सकाळी प्रार्थना करीत. लहानू आधी छपराबाहेर उभा राहून ऐके. मग उंबऱ्यात बसू लागला, मग आत. दोन वर्षांनी त्याने आणि त्याच्या बायकोने, गजराने, बाप्तिस्मा घेतला.

लहानू गावचे काम पूर्वीसारखेच करी. त्याने पाटलांकडे एवढेच मागितले, की रविवारी सकाळी प्रार्थनेपुरता वेळ सोडावा, नंतर दिवसभर राबवून घ्यावे.

पाटील झोपाळ्यावर बसले होते. त्यांनी पायाने झोपाळा थांबवला. "या गावातला सगळा वेळ माझा आहे, लहान्या. त्यातला तुझा म्हणून कुठून निघाला?"

पाटलांना देवाधर्माचे फारसे पडले नव्हते. त्यांना फक्त एवढे खुपले, की आपण ज्याला ओरड म्हटले की ओरडतो, त्या माणसाने आपल्यापेक्षा मोठा धनी शोधला. त्यांनी लहानूला आणि मास्तरांना चावडीवर बोलावले आणि तो देव सोडा म्हणून बजावले. शाळेचे छप्पर पेटवून देईन, असे मास्तरांना सांगितल्यावर मास्तर उभे राहिले आणि चार लोकांसमोर म्हणाले, माझे चुकले, मी आजपासून ख्रिस्ताचे नाव घेणार नाही. छप्पर वाचले. लहानू मात्र नाही म्हणाला.

मग पाटलांनी त्याला शिक्षा दिली, आणि तिची दवंडी त्यानेच द्यायची असे ठरवले.

लहानू वेशीत उभा राहिला. त्याने हलगी वाजवली. "ऐका हो ऐका. शब्द पाटलांचा, तोंड माझं. लहानू दवंडीवाल्याला आजपासून वाळीत टाकलं आहे. त्याला पाणी नाही, विस्तव नाही, मीठ नाही. त्याच्याशी कोणी बोलायचं नाही. जो बोलेल तो त्याच्यासंगं वाळीत."

गर्दीतून कोणीतरी म्हणाले, "लहानू, जरा मोठ्यानं. मागं ऐकू येत नाही." लोक हसले. लहानूने पुन्हा सांगितले, मोठ्याने. तो त्याच्या कामाचा भाग होता.

तो घरी आला तेव्हा गजरा दारातच उभी होती. सहा महिन्यांची गरोदर होती. म्हणाली, "आज आवाज चांगला लागला तुमचा."

दुसऱ्या दिवसापासून खालच्या आळीची विहीर त्यांना बंद झाली. दुकानदार मीठ देईना. पिठाची गिरणी चालवणारा त्यांची धान्याची पाटी बघून पट्टा उतरवून ठेवी. पाणी दोन कोसांवरच्या ओढ्यातून आणावे लागे. तेही वाळूत खड्डा करून, वाटीवाटीने. एकदा त्या खड्ड्यात कोणीतरी मेलेले कुत्रे टाकले. दोघांनी दुसरा खड्डा खणला.

पाटील एकटे होते. पाणी त्यांनी तोडले, हे खरे. पण खालच्या आळीत चाळीस घरे होती. त्या चाळीस घरांतल्या बाया रोज सकाळी गजराच्या दारावरून भरलेल्या घागरी घेऊन जात. तिला बघून डोक्यावरचा पदर पुढे ओढून घेत. यातल्या निम्म्या घरांत गजराने त्यांच्या बाळंतपणात पायलीपायलीने दळून दिले होते. आपण काही वाईट करत नाही, फक्त हुकूम पाळतो, असे प्रत्येक घराला वाटत होते. राग यायचा तर कोणाकोणाचा यावा?

लहानूला राग येत होता. एका रविवारी तो प्रार्थनेला बसलाच नाही. भिंतीकडे तोंड करून राहिला.

गजराने विचारले, "आज नाही का?"

"आज मी त्याच्याशी बोलणार नाही. तो बघतोय ना सगळं? बघत बसू दे."

"मग तसं त्याला तोंडावर सांगा. मला कशाला सांगता?"

लहानू वळला. त्याने हात जोडले नाहीत. डोळे मिटले नाहीत. वर छपराकडे बघून त्याने सगळे बोलून दाखवले. विहीर, मीठ, कुत्रे, गजराच्या टाचांना पडलेल्या भेगा. तुझ्यापाशी येऊन मला हे मिळाले, असेही म्हणाला. मग दमला आणि गप्प बसला. त्या रविवारी त्या घरात तेवढीच प्रार्थना झाली.

वैशाखात गजराचे दिवस भरले. ओढ्यावरून येताना तिच्या पोटात कळा सुरू झाल्या. लहानू धावत सुईणीकडे गेला. सुईण दारात उभी राहिली, हात चोळत राहिली, पण उंबऱ्याबाहेर आली नाही. एक शब्दही बोलली नाही. घरात शिरून तिने कडी लावली.

जे करता आले ते लहानूने केले. मूल झाले. ते रडले नाही.

त्याने ते ओढ्याकाठी पुरले. गजराला ताप भरला. तिसऱ्या दिवशी ती पाणी पाणी करू लागली. घागरीत तळाला ओंजळभर पाणी होते. तिला तशी टाकून दोन कोस जायला लहानूचे मन धजेना. आणि घरापासून शंभर पावलांवर विहीर होती.

त्याच दिवशी पाटलांचा निरोप आला. निरोप घेऊन शांतवन मास्तर आले. त्यांना लहानूशी बोलायची मुभा दिली होती. पाटलांना एकच दवंडी हवी होती. लहानूने स्वतःच्या नावाने सांगायचे, की मी ख्रिस्ताला सोडले. मग संध्याकाळच्या आत विहीर मोकळी आणि सुईण घरात.

मास्तर उंबऱ्याच्या आत आले नाहीत. खाली बघून बोलत राहिले. म्हणाले, "देव मन बघतो, लहानू. तोंडाचं काय एवढं?"

"मास्तर, माझ्याजवळ तोंडाशिवाय दुसरं काय आहे?" लहानू म्हणाला. "तुमच्याकडं पाट्या आहेत, पुस्तकं आहेत. मी पंधरा वर्षं दुसऱ्याचे शब्द ओरडत फिरलो. माझं म्हणावं असं एकच नाव माझ्या तोंडात आहे. ते तुम्हीच शिकवलंत."

आत गजरा तापात कण्हली. लहानूने मागे वळून तिच्याकडे बघितले. बराच वेळ बघितले. मग त्याने खुंटीवरची हलगी काढली आणि मास्तरांना सांगितले, येतो म्हणून कळवा.

इथे कोणी लहानूला नावे ठेवू नयेत. तो खोटे बोलायलाच निघाला होता. बायको मरताना बघणे त्याच्याने होत नव्हते.

चावडीपुढे सगळे गाव जमले होते. खालची आळीही आली होती. पाटलांनी झोपाळा बाहेर मांडायला लावला होता. लहानूने हलगीवर थाप मारली. त्या गावात दवंडी कशी सुरू होते हे सगळ्यांना ठाऊक होते. तोही सवयीने तसाच सुरू झाला.

"ऐका हो ऐका. शब्द..."

आणि तो अडला. पंधरा वर्षांत या ठिकाणी त्याने नेहमी दुसऱ्याचे नाव घेतले होते. त्याने दम घेतला.

"शब्द माझा, तोंड माझं."

हे तो जन्मात पहिल्यांदा म्हणत होता. म्हणून झाल्यावर त्याला कळले, की याच्यापुढे आता खोटे काही येणार नाही. दुसऱ्याचा शब्द असता तर ओरडून मोकळा झाला असता. हा त्याचा होता.

"मी येशूचा आहे," लहानू ओरडला. "तुम्ही आमचं पाणी तोडलं. तुम्ही सुईणीला घरात बसवलं. माझं मूल मेलं. माझी बायको घरी तापानं फणफणली आहे आणि तुम्ही इथं तमाशा बघायला आलात. मला तुमचा राग आहे. पाटलांचा आहे आणि खालच्या आळीतल्या एकेका घराचा आहे. मला देवाचाही राग आला होता, ते मी त्याला सांगितलंय. तरी मी त्याचाच आहे. आणि उद्या तुमची विहीर आटली तर ओढ्यातला माझा खड्डा मी तुम्हाला बंद करणार नाही. हाही शब्द माझाच."

कोणी हसले नाही. खालच्या आळीतल्या बायांनी माना खाली घातल्या. पण पाणी घेऊन कोणी पुढे आले नाही.

पाटलांनी चौघांना खूण केली. त्यांनी हलगी फोडली आणि लहानूला चावडीच्या पायरीवर आपटले. त्याचा ओठ फाटला, दोन दात गेले. पाटील म्हणाले, आजपासून दवंडी दुसरा देईल. त्याच तिन्हीसांजेला त्यांनी एका गड्याला पितळी ताट आणि लाकूड देऊन पाठवले. तो वेशीत ओरडला, की लहानूने ख्रिस्ताला सोडले. शब्द कोणाचा ते मात्र त्याने सांगितले नाही. लोकांनी ऐकले आणि आपापल्या घरी गेले. एकाचाही त्यावर विश्वास बसला नाही.

लहानू भिंत धरत घरी आला. गजरा जागी होती. त्याने घागरीतले उरलेले पाणी तिला पाजले आणि तिच्याकडे न बघता खाली बसला. म्हणाला, "मी विहीर घालवली, गजरा."

"इथवर ऐकू आलं सगळं," गजरा म्हणाली. तिचा आवाज खोल गेला होता, पण डोळे तसेच होते. "त्यांची विहीर आटली तर आपला खड्डा त्यांना देणार म्हणालात. मला विचारलंत?"

"नाही विचारलं."

"देऊ," ती म्हणाली. "पण माझा राग जाणार नाही. जे मूल मेलं ते मी नऊ महिने पोटात वागवलंय. पाणी देईन आणि तोंडावर सांगेनही, की मला तुमचा राग आहे."

"सांग," लहानू म्हणाला.

"आणि तुम्ही तिथं दुसरं काही बोलला असता ना," गजरा म्हणाली, "तर त्या विहिरीचं पाणी मी प्याले नसते."

तिने डोळे मिटले. लहानू तिच्या उशाशी बसून राहिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी विहीर बंदच होती आणि गजराचा ताप थोडा उतरला होता. लहानू फाटक्या ओठाने घागर घेऊन ओढ्याकडे निघाला. शांतवन मास्तरांना विहिरीवर मोकळीक होती. ते आपली रिकामी घागर घेऊन विहिरीवरून पुढे गेले आणि सगळ्या आळीदेखत लहानूच्या मागून ओढ्याची वाट चालू लागले.

तात्पर्य: छळ झाला की राग येतो, रडू येते, देवाशी भांडणही होते, आणि त्याने विश्वास मोडत नाही. पण ज्या तोंडाने ख्रिस्ताचे नाव घेतले, त्या तोंडाने त्याला नाकारू नये, आणि ज्यांनी आपले पाणी तोडले त्यांचे पाणी आपण तोडू नये.