फुलपँट झाली हाफ

एक होता करकोचा. नाव त्याचं ढांग्या. शिकत होता आठवीत. पाय लांब, मान लांब, चोच लांब. भूक तर सगळ्यात लांब!

तळ्याकाठी त्याची शाळा. शाळेत दुपारी खिचडी शिजायची. रटरट रटरट! ढांग्या तिच्यासाठीच शाळेत जायचा. गणितासाठी कोण जातं?

शाळेचा नियम होता. सातवीपर्यंत हाफपँट, आठवीला फुलपँट. ढांग्यानं नवी फुलपँट घेतली. मग लागली दिवाळीची सुट्टी. सुट्टीत ढांग्या वाढला. वाढला, वाढला, वाढला. पँट बिचारी होती तेवढीच राहिली. सुट्टी लागली तेव्हा फुल होती. शाळा उघडली तेव्हा हाफ झाली!

ढांग्या शाळेत निघाला. ढांग ढांग ढांग!

फाटकात उभे बेडूकसर. सर वाटीएवढे, रुबाब घागरीएवढा.

"डराँव! आठवीत हाफपँट?"

"सर, फुलच आहे. माझ्या पायांवर हाफ होते."

"गुडघा दिसतो की नाही?"

"दिसतो, सर."

"मग हाफ! फुलपँट नाही, तर शाळा नाही. शाळा नाही, तर खिचडी नाही!"

पोरं हसली. फिदी फिदी फिदी! ढांग्याला फार वाईट वाटलं. त्यानं गुडघे वाकवून पाहिले. पँट खाली आली? छे! ढांग्याच खाली आला.

ढांग्या निघाला. ढांग ढांग ढांग! गेला मुंगूसशेटच्या दुकानात.

"मुंगूसशेट, मुंगूसशेट,
सर आत घेईनात,
पोटात माझ्या कावळे कोकलतात!
लांब पँट देता का?"

शेटनं ढांग्याकडे बघितलंच नाही. त्यानं बघितलं भिंतीवरच्या पाटीकडे.

"आठवी ना? आठवीला बत्तीस नंबर."

"पण शेट, बत्तीस मला होत नाही."

"पाटीवर बत्तीस आहे. पाटी कशी चुकेल? तूच चुकून वाढलास!" शेट म्हणाला. "जा, शिंपीणकाकू लांब शिवेल, तर मी देईन."

ढांग्या निघाला. ढांग ढांग ढांग! शिंपीणकाकू पानाआड शिवत बसली होती. काकू इवलीशी, चोच सुईएवढी.

"शिंपीणकाकू, शिंपीणकाकू,
शेट पँट देईनात,
सर आत घेईनात,
पोटात माझ्या कावळे कोकलतात!
लांब पँट शिवता का?"

काकूनं माप घ्यायला सुरुवात केली. खालून वर, खालून वर. निम्म्यातच दमली.

"अरे मेल्या, हा पाय आहे की विजेचा खांब? इतकं कापड आणू कुठून? जा, कोळीमामा लांब विणेल, तर मी शिवेन."

ढांग्या निघाला. ढांग ढांग ढांग! कोळीमामा जाळ्यात लोंबत होता.

"कोळीमामा, कोळीमामा,
काकू पँट शिवेनात,
शेट पँट देईनात,
सर आत घेईनात,
पोटात माझ्या कावळे कोकलतात!
लांब कापड विणता का?"

मामानं आठही पाय जांभई देऊन ताणले.

"शाळेचं कापड आणि लांब? नियमात बसत नाही बाबा. जा, सरडेभाऊ चिठ्ठी देईल, तर मी विणेन."

ढांग्या निघाला. ढांग ढांग ढांग! सरडेभाऊ शाळेचा कारकून. शाळेच्या कुंपणाबाहेर उन्हात बसला होता. खूप काम होतं ना!

"सरडेभाऊ, सरडेभाऊ,
मामा कापड विणेनात,
काकू पँट शिवेनात,
शेट पँट देईनात,
सर आत घेईनात,
पोटात माझ्या कावळे कोकलतात!
मला चिठ्ठी देता का?"

सरडेभाऊनं मान हलवली. हो हो हो! आणि तोंडानं म्हणाला, "नाही."

"का नाही?"

"चिठ्ठीवर सरांचा शिक्का हवा. सर आत आहेत. आत जायला काय लागतं?"

"फुलपँट."

"शाब्बास! हुशार आहेस. फुलपँट घालून ये आणि शिक्का घेऊन जा."

ढांग्या मटकन खाली बसला. डोळ्यांत पाणी आलं. एक थेंब निघाला. मान इतकी लांब, की थेंबाला खाली पोचायलाच वेळ लागला. टप्प!

आतून वास आला. रटरट रटरट!

उंच पोरांची अक्कल गुडघ्यात असते म्हणतात. ढांग्याचा गुडघा होता उघडा. अकलेला जरा वारा लागला!

ढांग्या उठला. आत पाऊल टाकायचं नाही ना? बरं! पाय कुंपणाबाहेर ठेवले. मान केली लांब. कुंपणावरून, खिडकीतून, थेट सरांच्या टेबलावर!

सर खिचडीची चव बघत होते. तिसरी वाटी होती.

"बेडूकसर, बेडूकसर,
भाऊ चिठ्ठी देईनात,
मामा कापड विणेनात,
काकू पँट शिवेनात,
शेट पँट देईनात,
सर आत घेईनात,
पोटात माझ्या कावळे कोकलतात!
शिक्का मारता का?"

"डराँव! नियम म्हणजे नियम! फुलपँट नाही, तर खिचडी नाही!"

"बरं सर," ढांग्या शहाण्यासारखं म्हणाला. "मग मी तळ्यावर जेवतो."

"जेव की."

"तळ्यावर काय मिळतं, सर?"

सर विचार करू लागले. "पाणी मिळतं. शेवाळ मिळतं. आणि बे... बे... बे..."

सरांचा चमचा पडला. टण्ण!

"सर, शाळेतला करकोचा खिचडी खातो," ढांग्या म्हणाला. "शाळेबाहेरचा करकोचा काय खातो?"

आणि त्यानं चोच उघडली. आऽऽऽ!

हिरवे सर पिवळे झाले. पिवळ्याचे पांढरे झाले.

"मारतो, मारतो! शिक्का मारतो!"

सरांनी शिक्का मारला. ठप्प!
भाऊनं चिठ्ठी दिली. सर्र!
मामानं कापड विणलं. झर झर झर!
काकूनं पँट शिवली. टुच टुच टुच! वाढत्या अंगाचं पोर म्हणून आत चार बोटं दुमडही ठेवली.
शेटनं पँट दिली. या वेळी पाटी नाही बघितली, ढांग्याकडे बघितलं. केवढं वर बघावं लागलं त्याला!
सरांनी आत घेतलं. "या, या, ढांग्याराव, या!"

ढांग्या आत गेला. ढांग ढांग ढांग! पँट आली थेट घोट्यापर्यंत. गुडघे झाकले. पोरं हसायची थांबली. ढांग्या ताठ बसला, मान वर करून. त्याला इतका आनंद झाला, इतका आनंद झाला, की त्यानं गणितसुद्धा सोडवलं.

मग वाढली खिचडी. रटरट रटरट! एक वाटी, दोन वाट्या, तीन वाट्या! पोटातले कावळे उडून गेले. भुर्रर्र!

आता फाटकात रोज बेडूकसर उभे असतात. पण पोरांचे गुडघे बघत नाहीत. ढांग्या दिसला, की लांबूनच विचारतात, "बाळा, जेवलास ना?"