चांगुणाची कच्ची मडकी

फार वर्षांपूर्वी, बोरखडीला बैलगाडीखेरीज दुसरं काही येत नव्हतं, तेव्हाची ही गोष्ट. गावात वीस उंबरे होते आणि कुंभाराचं घर एकच. त्या घरात चांगुणा राहायची. नवरा गेल्यावर चाक तिनेच हाती घेतलं. तिचं मडकं बोटाने वाजवलं की देवळातली घंटा ओ द्यायची, असं म्हणतात.

एके वर्षी सुगी संपली आणि गावात एक माणूस आला. रेशमी फेटा, कपाळभर गंध, बोलणं लोण्यासारखं. नाव सांगितलं वैभवनाथ. पारावर बसून त्याने विचारलं, "जोंधळ्याचा एक दाणा पेरला तर किती येतात?"

"कणीसभर," लोक म्हणाले.

"मग सोनं पेटीत का ठेवता?"

इतकी वर्षं आपल्याला हे सुचलं कसं नाही, याचंच ज्याला त्याला वाईट वाटलं. वैभवनाथाने रीत सांगितली. कोऱ्या मडक्यात सोनं घालायचं, तोंड लिंपायचं, त्याने मंत्र घातला की पाटलाच्या मळ्यात पुरायचं. एकवीस दिवसांनी एकाचे दहा.

"मधेच उकरून बघितलं तर?" कुणीतरी विचारलं.

"तुम्ही पेरलेलं बी उकरून बघता का?"

शेतकऱ्यांना हे लगेच पटलं. बायकांनी पाटल्या उतरवल्या. रावजी पाटलाने तर व्याह्याचा गोफ मागून आणला. चांगुणाच्या घरी सोनं म्हणजे तिच्या डोरल्याच्या दोन वाट्या. नवरा गेल्यापासून त्या चिंधीत बांधून ती उतरंडीच्या तळाच्या मडक्यात ठेवायची. तिच्या थोरल्या मुलाने, म्हादूने, त्याच उचलल्या.

"आये, दोनाच्या वीस होतील."

"मला वीस नकोत रे. त्याच दोन हव्यात."

म्हादू गेलाच.

मडकी चांगुणानेच केली. प्रत्येकावर त्या त्या घराची खूण कोरली. पाटलाच्या मडक्यावर नांगर, तेल्याच्या मडक्यावर घाणा, स्वतःच्या मडक्यावर चाक. वीस मडकी पक्की भाजून तिने घरोघर दिली. दुसऱ्या दिवशी वैभवनाथ एकटाच तिच्याकडे आला.

"अशीच आणखी वीस करा, बाई. दुसऱ्या गावाला लागतात. कुणाला बोलू नका."

"खुणा कुठल्या घालू?"

"ह्याच."

"बरं, महाराज," चांगुणा म्हणाली आणि तडक पाटलाकडे गेली. "रावजी, दुसऱ्या गावच्या मडक्यांवर आपल्या घरांच्या खुणा कशाला?"

पाटील हसला. "चांगुणे, तुझं सोनं दोन गुंजा. आमचं पिकलेलं तुला बघवणार नाही, असं सांग की सरळ!"

चांगुणा घरी आली. तिने वीस मडकी घडवली, उन्हात वाळवली, वरून गेरू फासला. भट्टीत मात्र घातली नाहीत. वैभवनाथाने ती नेली, पण एकही वाजवून बघितलं नाही. बिचाऱ्याने जन्मात कधी मडकं विकत घेतलं नसावं.

पेरणीच्या दिवशी गावाने आपापलं सोनं मडक्यात लिंपून त्याच्या हवाली केलं. पडद्याआड मंत्र झाले. मग वीस मडकी बाहेर आली. ती त्याने आपल्या हाताने पुरली, कुणाला शिवू दिली नाहीत. गाडी जुंपून तयार होती, वर कडबा रचलेला.

"निघतो. एकविसाव्या दिवशी येतो."

चांगुणा घागर घेऊन पुढे आली. "महाराज, पेरणी झाली. आता पाणी?"

"पाणी नको!"

हे ऐकून सगळं गाव त्याच्याकडे वळलं. बाकीचं त्यांनी मुकाट मानलं होतं. पण पेरल्यावर पाणी नको?

"बी जळंल की, महाराज!" पाटील ओरडला. "मोट जोडा रे!"

मोट जोडायची वेळच आली नाही, असं म्हणतात. चांगुणाने एक घागर ओतली आणि तेवढंच पाणी वीसही खड्ड्यांना पुरून उरलं. घटकाभरात जमीन खचली, मडक्यांचा गारा झाला आणि त्यातून नदीतले गोटे वर आले.

"पीक लवकर आलं म्हणायचं," चांगुणा म्हणाली.

वैभवनाथ गाडीवर चढला, पण म्हादू बैलांची वेसण धरून उभा होता. कडब्याखाली वीस पक्की मडकी निघाली. चाकाची खूण असलेलं चांगुणाने उचललं, बोटाने वाजवलं आणि दगडावर आपटलं. वाट्या दोनच होत्या. तिने त्या मुठीत घट्ट धरल्या.

लोक काठ्या घेऊन धावले, तेव्हा मात्र ती आडवी आली. "मारू नका. मला माती तुडवायला माणूस हवाच होता."

वैभवनाथाने उन्हाळाभर तिची माती तुडवली. पुढे तो चाकावरही बसला, पण त्याच्या हातचं मडकं कधी खणखणलं नाही, असं म्हणतात. आणि चांगुणा गेली, त्या सकाळी गावातली सगळी मडकी एकदा आपोआप वाजली, असंही म्हणतात.

आजही बोरखडीत कुणी झटपट श्रीमंतीची योजना घेऊन आला, की त्याला पारावर बसवतात, चहा देतात आणि समोर न भाजलेला मातीचा पेला पाण्याने भरून ठेवतात. त्याला चांगुणाचा पेला म्हणतात. पेला विरघळेपर्यंत बसायचं आणि विचारतील त्याचं उत्तर द्यायचं, एवढीच अट. इमू पाळायला सांगणारा आला, मोबाइलवर पैसे तिप्पट करणारा आला. पेला नुसता ओलसर झाला, तोच दोघंही "आजचा शेवटचा दिवस आहे" म्हणत उठले.

परवा शेवग्याचं बी विकणारी एक बाई आली होती. बोलता बोलता पेला कलला, फुटला, तिच्या पदरावर चिखल आला. तिने पदर झटकला आणि म्हणाली, "दुसरा पेला आहे का हो? पाणी किती घालायचं, ते सांगायचं राहिलंय."

गावाने बी घेतलं.