विसरून या, मग प्रवेश घ्या

मेघनगरच्या विद्यापीठात मधल्या वर्षाला प्रवेश मिळवणं म्हणजे वाघिणीचं दूध काढण्यासारखं होतं. दुसऱ्या पाठशाळेतून येणाऱ्याने तिथे शिकलेलं सगळं आधी विसरून यायचं, असा राजा वज्रसेनाचा नियम होता. बाहेरून आलेल्या एका विद्यार्थ्याने एकदा भरसभेत राजाच्या श्लोकातली चूक काढली होती. त्या दिवसापासून राजाने हा हट्ट धरला, आणि त्याला 'तुमचं चुकतंय' म्हणायची कुणाची छाती नव्हती.

नांदूरडोहच्या कोंडाजी नावाड्याची मुलगी गोजरा याच नियमाला येऊन धडकली. तीन वर्षं ती वैद्यकी शिकली होती. एकच वर्ष उरलं होतं, आणि तिच्या गुरुजींनी साठाव्या वर्षी लग्न केलं. ते घरजावई होऊन निघून गेले आणि पाठशाळेला कुलूप लागलं. गावातले लोक तर तिच्या वाटेकडे डोळे लावून बसले होते. तिथे वैद्य होते ते एकटे दाजीशास्त्री, आणि ते प्रत्येक दुखण्यावर एरंडेल पाजत. पाय मोडला तरी एरंडेलच.

कुलगुरू त्र्यंबकाचार्यांनी तिला विचारलं, "तिकडे काय काय शिकलीस?"

"नाडी पाहणं, काढे करणं, हाड बसवणं."

"ते सगळं विसरून ये. आमच्याकडे नाडी आमच्या पद्धतीने पाहतात."

"तुमच्याकडे नाडी कुठे असते, आचार्य?"

"मनगटातच असते."

"मग मी मनगट सोडून पुन्हा मनगटच धरायचं?"

आचार्य चिडले आणि तिला राजापुढे घेऊन गेले. राजाने मिशीवर हात फिरवला. "पौर्णिमेला दरबारात ये. त्या पाठशाळेतलं एक अक्षर जरी आठवलं, तर आल्या नावेने परत जायचं. याआधी एकाने भांग पिऊन पाहिली होती. स्वतःचं नाव विसरला बिचारा, पण नवाचा पाढा काही जाईना. परत पाठवला त्याला."

घरी येऊन गोजराने विसरायचा जिवापाड प्रयत्न केला. डोळे मिटून ती म्हणायची, "अडुळसा विसरायचा, गुळवेल विसरायची." झालं, त्या दोन्ही पक्क्या व्हायच्या आणि त्यांच्यामागून हिरडा, बेहडा, आवळा रांगेने हजर व्हायचे. कोंडाजी वैतागून म्हणाला, "अगं, चुलीवरचं दूध बरोबर विसरतेस. मग हेच कसं विसरत नाहीस?"

गोजराने डोळे उघडले. मग स्वतःशीच हसली आणि पौर्णिमेची वाट पाहत बसली.

पौर्णिमेला दरबार खच्चून भरला होता. राजा खिडकीशी उभा राहून पोपटाला पेरू भरवत होता. गोजरा आत आली. तिने मुजरा केला नाही, कुणाला नमस्कार केला नाही. सरळ पायऱ्या चढली आणि सिंहासनावर जाऊन बसली.

राजाच्या हातातला पेरू खाली पडला.

"पोरी, ऊठ तिथून."

"का?"

"ते सिंहासन आहे."

"असेल. गादी मऊ आहे, पण मधोमध जरा दबलीय."

"ते माझं सिंहासन आहे!"

"तुम्ही कोण?"

"मी राजा वज्रसेन."

"राजा म्हणजे काय?"

राजाने प्रधानाकडे पाहिलं. प्रधानाने छताकडे पाहिलं. शेवटी राजाच म्हणाला, "राजा म्हणजे ज्याचं सगळे ऐकतात तो."

"का ऐकतात?"

"का म्हणजे? लहानपणापासून तसं शिकवलेलं असतं."

"कुठे?"

"ज्याच्या त्याच्या पाठशाळेत. आणखी कुठे?"

"मग अवघड आहे," गोजरा मान हलवत म्हणाली. "माझी पाटी कोरी आहे. जुनं सगळं पुसलं गेलं आणि नवीन पाठशाळेत अजून कुणी घेतलेलं नाही. आता मला उठायला शिकवणार कोण?"

आचार्य घाईघाईने पुढे आले. "महाराज, हिला आत्ताच्या आत्ता पहिल्या वर्षाला प्रवेश देऊन टाकतो."

"पहिल्या वर्षाला काय शिकवता?" गोजराने विचारलं.

"नाडी, काढे आणि मुळाक्षरं."

"आणि राजापुढे कसं वागायचं ते?"

आचार्य म्हणाले, "ते चौथ्या वर्षाला असतं. पदवीच्या समारंभाआधी."

"ठीक आहे. तोवर मी इथे बसते. कुणी जरा उशी आणून द्या."

राजाने आधी तिच्याकडे पाहिलं, मग आचार्यांकडे, मग आपल्या दुखऱ्या गुडघ्यांकडे. चार वर्षं उभं राहणं काही त्याच्या आवाक्यातलं नव्हतं.

"मुली," तो हळूच म्हणाला, "जुनं सगळं आठवायचं काय घेशील?"

"चौथं वर्ष."

राजा असा खदाखदा हसला की मुकुट घसरून नाकावर आला आणि पोपट पिंजऱ्यात उलटा लटकला. "दिलं! चौथं वर्ष दिलं. आणि आचार्य, तो नियम तेवढा तुम्ही विसरून या."

गोजरा टुणकन उठली, पायऱ्या उतरली आणि तिने लवून असा झोकदार मुजरा केला की द्वारपालसुद्धा पाहत राहिला. राजाने गळ्यातला कंठा काढून तिला दिला, वर्षभर शिकायला राजवैद्यांच्या हाताखाली तिला जागा दिली आणि मग दोन्ही हातांनी गुडघे धरून, हुश्श करत, सिंहासनावर टेकला.