हमजाचा तंबू आणि शेषाचा फणा

एका बाजाराच्या गावात तंबू उभारणारे दोन भाऊ होते. थोरला इलियास तापाने गेला. धाकटा हमजा डोक्याने गरम, तोंडाने फटकळ. त्याला एकच प्रश्न छळत होता: भाईजान गेला तो कुठल्या आभाळात?

इलियासला जाऊन चाळीस दिवस झाले, त्या चाळिसाव्याच्या सकाळी त्याने मौलवीसाहेबांना गाठले. ते म्हणाले, "कुराणात आभाळं सात आहेत, एकावर एक. आपल्याला दिसणाऱ्या खांबांवाचून उभारलेली. जमीन अंथरलेली. ती हलू नये म्हणून डोंगर मेखांसारखे रोवलेले. त्याच्याही आधी मिसर देशात, म्हणजे इजिप्तात, म्हणत, आभाळ ही जमिनीवर ओणवी झालेली बाई आहे."

"आणि भाईजान कितव्यात?"

"ते अल्लालाच ठाऊक, बेटा."

हमजाच्या डोक्यात मेखा तेवढ्या राहिल्या. अरे, हे तर आपलंच काम! तो धावतच खंडूकडे गेला. खंडू इलियासचा जोडीदार. दोघे समोरासमोर उभे राहून एकदम दोर ओढत, तेव्हाच मोठा तंबू उभा राही. आज दुपारी त्याच तंबूत इलियासच्या नावाचे जेवण होते.

सगळे ऐकून खंडू म्हणाला, "आमच्यात पृथ्वी शेषाच्या फण्यावर असते."

"माझ्या भावाची कबर सापाच्या डोक्यावर? चालता हो! तंबू मी एकटा उभारीन."

हमजाने एक बाजू ओढली. दुसरीकडे धावला, तर पहिली बसली. तिसऱ्या खेपेला खांब सरकला आणि सगळे कापड त्याच्या अंगावर आले. ऊन चढले होते. पाहुणे येण्याची वेळ झाली होती. कापडाखाली तो हमसून रडू लागला.

बाहेरून आवाज आला, "हमज्या, किती आभाळं पडली रे अंगावर?"

खंडू गेलाच नव्हता. हमजाने आतूनच विचारले, "तुझा शेष कधी हलत नाही?"

"हलतो की. मग धरणीकंप होतो. म्हणून तर हात जोडतो त्याला. तुमच्या मेखा कशाला?"

"जमीन हलू नये म्हणून."

"म्हणजे धाकधूक तुम्हालाही तीच."

हमजाने आतून कापडाची कड जरा उचलली. मग म्हणाला, "भाईजान गेल्यापासून मला उभं राहायचीच भीती वाटते."

"मलाही. वीस वर्षं समोर तोच असायचा."

हमजा सरपटत बाहेर आला. डोळे पुसून भावाच्या जागी उभा राहिला. खंडूने हाळी दिली आणि दोघांनी एकदम दोर ओढला.

तात्पर्य: दुसऱ्याचे आभाळ आपल्यासारखे नसले, तर भांडण्याआधी त्याला कशाची भीती वाटते ते विचारावे.