भरलेला ओटा

"…नवा सर्व्हर येणार, आणि त्या खोतांच्या शार्दूलला तर म्हणे सोमवारपासून…"

जिन्यात शार्दूल दिसला आणि बायकांचं बोलणं तिथंच थांबलं. पुढचं त्याला ऐकू आलं नाही, पण आपली नोकरी जाणार असंच त्यानं धरलं.

रक्तपेढीचा सर्व्हर, म्हणजे सगळ्या नोंदींचा मुख्य कॉम्प्युटर, त्याच्या हाताखाली. आठवडाभर तो रडतखडत चाललेला. कुठल्या रक्तगटाची पिशवी शिल्लक आहे हे सांगायलाच इतका वेळ लावी की, खिडकीपाशी पेशंटची माणसं ताटकळायची, चिडायची.

शेवटी तो त्याच इमारतीत दुसऱ्या मजल्यावर राहणाऱ्या इनामदारबाईंकडे गेला. कॉलेजात त्यांनीच त्याला कॉम्प्युटर शिकवला होता.

"मशीनच जुनं झालंय, बाई. प्रोसेसर सारखा शंभर टक्क्यांवर."

"आणि मेमरी?"

"ती मात्र चकाचक!" शार्दूलची मान ताठ झाली. "आधी नव्वद टक्के भरलेली असायची. मी एक स्क्रिप्ट लावली, छोटासा प्रोग्रॅम. सर्व्हरनं परत लागेल म्हणून जवळ ठेवलेलं सगळं दर मिनिटाला पुसून टाकते."

भिजवलेल्या पोह्यांची चाळणी बाईंनी त्याच्यापुढे सरकवली.

"आज पोहे तू कर. पण वस्तू वापरली की लगेच आतल्या खोलीतल्या कपाटात. माझा ओटा रिकामा दिसला पाहिजे."

शार्दूलनं तेल ओतलं, बरणी आत ठेवून आला. मोहरी आणली, टाकली, ठेवून आला. हळद आणायला गेला तोवर कांदा करपायला लागला. मीठ घेऊन धावत आला, तर उलथनं कपाटात.

"अहो बाई, राहू द्या ना चार डबे ओट्यावर! जळालं सगळं!"

"ओटा भरलेला दिसेल ना रे."

"दिसू दे की! हाताशी असलं म्हणजे…"

…

गॅस बाईंनीच बंद केला.

सर्व्हरचेही डबे आपण दर मिनिटाला कपाटात नेऊन ठेवत होतो, हे शार्दूलला उमगलं. मग त्यानं पिशवीतून लॅपटॉप काढला आणि तिथूनच सर्व्हरवरची स्क्रिप्ट बंद केली. मेमरी हळूहळू चढत गेली. प्रोसेसर उतरला… साठ, तीस, बारा.

थोड्या वेळानं रक्तपेढीच्या अध्यक्षांचा फोन आला. आवाज एवढा मोठा की बाईंनाही ऐकू गेला.

"खोत, पिशव्यांच्या याद्या पटापट यायला लागल्या! काय केलंत?"

"मीच बिघडवलं होतं, साहेब. इनामदारबाईंनी दाखवलं, ते काढलं."



"बरं. नवा सर्व्हर रद्द. नोकरीवर राहा तुम्ही. पण सोमवारपासून एकट्यानं कशाला हात लावायचा नाही. आधी इनामदारबाईंना विचारायचं."

"चालेल, साहेब."

म्हणजे जिन्यातल्या बायकांचं अगदीच खोटं नव्हतं.

करपलेले पोहे दोघांनी वर भरपूर खोबरं घालून खाल्ले. शार्दूलनं दोनदा घेतले. पण नजर पुन्हा लॅपटॉपकडे.

"बाई, मेमरी नव्वदवर गेली हो परत. भीती वाटते."

"तुझं पोट भरलं?"

"अगदी गच्च!"

"मग त्याची नाही वाटत भीती?"